बिनखुणेचं अंडं

खोटं बोलायचं तर माणसाने नीट बोलावं. आमच्या रंजनाला तेही जमायचं नाही. दारात गाडी थांबली, पोरं उतरली, ती उतरली, आणि मी ‘या’ म्हणायच्या आधीच म्हणाली, “आई, हे ड्रायव्हर आहेत. यंदा गाडी भाड्याची घेतली.”

मी विचारलं होतं का? नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर आधी देणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं. मी शाळा दुसरीत सोडली, पण डोळे काही शाळेत ठेवून आले नव्हते.

मी त्या ड्रायव्हरकडे बघितलं. चाळिशीच्या आसपासचा, उंच, सावळा. सदऱ्याला इस्त्री. खांद्याला जयूची पाण्याची बाटली, निळी, तिला हत्तीची सोंड. ड्रायव्हर माणूस आला की आधी सावली बघून गाडी लावतो, मग काच पुसतो, मग तंबाखू मळतो. याने आधी जयूचा हात दरवाजाच्या फटीतून बाजूला केला आणि मग दरवाजा लावला. मग बूट काढून पायरीखाली जोडीने ठेवले आणि ओटीवर न चढता अंगणातच उभा राहिला. भाड्याच्या गाडीवाला बूट कशाला काढेल? त्याला घरात यायचंच नसतं.

“बरं,” मी म्हटलं. “पूर्वा, ड्रायव्हरला पानी दे गो.”

पूर्वा माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची. ती हलली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. पाणी नेलं जयूने. तो पाच वर्षांचा. अर्धा तांब्या त्याने अंगणालाच पाजला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या सकाळचं धुकं, गाडीच्या टपावरचं दव, ते जोडीने ठेवलेले बूट, सगळं मला काल बघितल्यासारखं दिसतं.

आमचं गाव पेणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. भात निघालं की आमच्याकडे वाल पेरतात आणि पौषात शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी. पुन्हा पाला कोंबून मडक्याचं तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. शेंगेच्या अंगच्या पाण्यात सगळं शिजतं.

माझा मुलगा हरेश दर थंडीत एका रविवारी पनवेलहून बायकोपोरं घेऊन यायचा, ते पोपटीला. हरेश काविळीने गेला. त्यानंतरही रंजना पोरांना घेऊन यायची, एसटीने, वर्षातून तेवढा एकच दिवस. मोठ्या सुट्टीत पोरं तिच्या आईकडे जायची, दिवाळीला तिला दवाखान्यातून रजा मिळायची नाही. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. मी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची म्हणजे आपल्याला काहीतरी पाहिजे आहे हे कबूल करायचं.

सगळी जमीन मी खंडाने दिली होती. वालाचा एक पट्टा तेवढा माझ्या हाताखाली ठेवला होता, तो या एका रविवारासाठी. त्या दिवशी लागतील तेवढ्या शेंगा काढायच्या, बाकीच्या गावात वाटून टाकायच्या. उरलेलं वर्ष मी भिंतीशी भांडायचे. भिंत उलटून बोलत नाही, म्हणून त्या भांडणात काही मजा नव्हती.

त्या वर्षी पोपटीच्या आधी शेजारची नागूबाय आली. ओटीवर बसली, पदराने वारा घेतला. थंडीत वारा घेते म्हणजे बातमी मोठी असणार.

“पदीबाय, तुजी सून पनवेलच्या बाजारात दिसली गो. संगती पुरुष होता.”

“मग? बाजारात काय बायकाच जातात?”

“स्वेटर घेत होती. तिने एक हातात धरला तर तो म्हनतो, हा जयूला आखूड होईल.”

“आखूड होत असेल तर म्हनेलच. तू कशाला पनवेलला जाऊन दुसऱ्यांचे स्वेटर मापतेस?”

नागूबाय उठून गेली. मी तिथेच बसले. ‘संगती पुरुष होता’ याचं मला काही वाटलं नाही. रंजना तरणी होती, मी काही आंधळी नव्हते. पण ज्याला जयूचं माप माहीत आहे, तो माणूस बाजारातला नव्हता, घरातला होता. आणि दुसरं घर झालं की पोरांना पहिल्या घराची वाट आठवत नाही. त्यात पोरांचा दोष नसतो. वाट आपोआप चालत नाही, कुणीतरी नेणारं लागतं.

म्हणून मी ठरवलं होतं, रंजना आली की ती स्वतः तोंडाने काय सांगते ते बघायचं. आपण विचारायचं नाही. जयूला तर मुळीच विचारायचं नाही. पोरांच्या तोंडातून घरातलं काढणं हा भिकेचा धंदा.

आणि तिने काय सांगितलं? ड्रायव्हर.

“ए ड्रायव्हर,” मी म्हटलं, “तू बसून काय करशील? ते मडकं घे डोक्यावर. आनि त्या गोवऱ्या.”

रंजनाच्या गालावर एक शीर हलली. “आई, त्यांना कशाला...”

“का गो? भाडं दिलंय ना? दिवसभराचं दिलंय की जाऊन-येऊन?”

“दिवसभराचं.”

“मग?”

त्याने मडकं उचललं, दुसऱ्या हातात गोवऱ्यांची पाटी घेतली आणि आमच्यामागून चालू लागला. इस्त्रीच्या सदऱ्यावर शेणाची भुकटी पडत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अंडी मात्र मी कुणाच्या हातात देत नसे. ती माझ्या टोपलीत, भाताच्या तुसात. आमच्या घरची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. माझा सासरा निरक्षर. त्याच्या वेळी पोपटीला पंधरा-वीस माणसं असायची आणि अंड्यांवरून पोरांची डोकी फुटायची. तेव्हा त्याने प्रत्येकाला खूण दिली. कोळसा ओला करून अंड्यावर खूण काढायची, ज्याची खूण त्याचं अंडं. पाहुण्याला शेंगा द्या, बटाटा द्या, कोंबडी द्या, भरपेट द्या. पण मडक्यातलं अंडं घरच्याचं. आणि खूण द्यायची ती घरातल्या मोठ्याने, दुसऱ्या कुणी नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्याने माझ्या अंड्यावर कोयता काढला. म्हणाला, “हिच्या जिभेला दुसरं काय शोभेल?” सगळे हसले. मी नाही हसले, पण ती खूण आजवर बदलली नाही.

माझ्या मालकाची होडी होती. हरेशचा मासा. रंजनाला हरेशच्या बापाने चंद्रकोर दिली, पूर्वाला फूल. मालक गेल्यावर घरातला मोठा हरेश, म्हणून जयूला त्याने स्वतः भोवरा दिला, बारशाच्याच वर्षी, पोर धड बसतही नव्हतं तेव्हा. मालक गेले तेव्हा होडी मी बंद केली. म्हातारा पिकून गेला, त्याने आपल्या वाटची अंडी खाल्ली होती. हरेशचा मासा मला बंद करता आला नाही. दर वर्षी त्याचंही अंडं मडक्यात जायचं, आणि आमचं खाऊन झालं की मी ते सोलून बांधावर ठेवायचे. कावळा नेतो की मुंगूस, ते बघायला मी थांबत नसे.

तर टोपलीत अंडी होती कोयता, चंद्रकोर, फूल, भोवरा, मासा.

शेतावर पोचलो तर ऊन कोवळंच होतं. जयू वालाच्या वेलांत शिरला. मी ड्रायव्हरला पाला आणायला पाठवलं.

“भांबुर्डीचा आन. बांधाला आहे. ओळखतोस ना?”

“आणतो,” तो म्हणाला. ओळखतो म्हणाला नाही.

आला तो घाणेरीचा पाला घेऊन. हातभर. काट्यांनी मनगटं ओरबाडलेली.

“वा!” मी म्हटलं. “हा घाल मडक्यात, म्हनजे संध्याकाळी सगळ्यांना तुज्याच गाडीतून दवाखान्यात ने. कुठला रे तू?”

“घाटावरचा आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे हुरडा असतो. हे नसतं.”

“दिसतंय.”

पूर्वाने तो पाला त्याच्या हातातून घेतला, हुंगला आणि टाकून दिला. सकाळपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “याचा वास घ्यायचा असतो आधी. बाबांनी मला दाखवलंय. चला.”

तो तिच्यामागून गेला. मी बांधावरून बघत होते. पूर्वा पान चुरडायची, त्याच्या नाकापुढे धरायची. तो मान डोलवायचा. मग त्याने स्वतः एक पान तोडलं, चुरडलं आणि तिच्यापुढे धरलं, बरोबर आहे का म्हणून. तिने बराच वेळ हुंगलं. मग मान हलवली. बापाने दाखवलेली गोष्ट पोर त्याला दाखवत होती, आणि मला दोघांपैकी कुणाला हाक मारावी ते सुचेना. तेव्हा मी रंजनालाच हाक मारली.

“शेंगा धुवायच्या नसतात हे तरी आठवतंय ना?”

“आठवतंय, आई.”

माझ्या उजव्या मनगटाला लचक होती, म्हणून मडकं भरायचं काम त्या वर्षी तिच्याकडे होतं. ती बसली. शेंगांचा एक थर, मीठ, ओवा. हात चांगला चालायचा तिचा, हे मी कधी तिला सांगितलं नाही.

“आई,” ती मडक्यात बघतच म्हणाली, “जूनपासून पोरांची शाळा बदलायचं चाललंय.”

“कोन चालवतंय?”

“मीच. संगमनेरला एका दवाखान्यात जागा आहे. पगार बरा आहे. शाळाही जवळ.”

“संगमनेर. म्हनजे घाटावर.”

“हो.”

“तिथं आपलं कोन आहे?”

तिने एक शेंग मोडली, विनाकारण. “ओळखीची एक बाई आहे. दवाखान्यातलीच.”

‘उंच आहे का गो ती बाई? सावळी?’ हे माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. मला ते तिच्या तोंडून पाहिजे होतं. दिवस अजून होता, तिला वेळ होता.

“आनि पोपटीला?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं. विचारून गेले.

“येऊ की. म्हणजे बघू, सुट्टी जुळली तर.”

सुट्टी जुळली तर. मी उठले आणि पेंढा सोडायला लागले. सुटलेलाच होता, पुन्हा बांधला आणि पुन्हा सोडला. मागे वळून बघितलं तेव्हा रंजना माझ्याकडे पाठ करून मडक्यावर वाकली होती, जरा जास्तच वेळ. शेजारी तिचा स्टीलचा डबा उघडा होता. सकाळपासून तो डबा तिने कुणाकडे दिला नव्हता. मला वाटलं, पोरांचा खाऊ असेल.

पाला आला. या खेपेला खराखुरा. वरून कोंबून झाला आणि मडकं उलटं करायची वेळ आली. हरेश ते एका झटक्यात करायचा, ‘हैय्या’ म्हणून, आणि पोरं टाळ्या पिटायची. तीन थंड्या मी गड्याकडून करून घेत होते.

“ड्रायव्हर, कर उलटं. आतलं भायेर आलं तर तुज्या भाड्यातून कापीन.”

त्याने गुडघे मातीत टेकले. एक हात पाल्यावर दाबून धरला, दुसरा मडक्याच्या पोटाखाली घातला आणि झोपलेलं पोर कुशीवर वळवावं तसं ते मडकं हळूहळू वळवलं. एक पान बाहेर आलं नाही. जयूने टाळ्या पिटल्या. पूर्वा नाही, पण ती बघत होती.

मी काडी लावली.

पेंढा धडाडून पेटतो आणि मग गोवऱ्या शांतपणे धरतात. मग वाट बघायची. हा वेळ मला सगळ्यांत आवडायचा, कारण या वेळात कुणाला काही काम नसतं आणि सगळी जवळ बसतात. पण त्या दिवशी बसणार कोण कुठे? रंजना विस्तवाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. ड्रायव्हर दूर गाडीवाटेच्या तोंडाशी, एकटा, दगडावर. पोरं मधल्या मधे. जयू माझ्या मांडीवर येऊन बसला, जरा वेळ राखेत काडी फिरवली, मग उठून त्या दगडाकडे धावला. तिथून परत माझ्याकडे. प्रत्येक फेरीला तो तिकडे थोडा जास्त वेळ थांबायचा. मी मोजत नव्हते. पण आपल्या मांडीवरची ऊब किती वेळ टिकते, ते मांडीला कळतं.

“त्यांना इथं बसू द्या ना, आई,” रंजना विस्तवाकडे बघत म्हणाली. “ऊन चढलंय तिकडे.”

“कुनाला? ड्रायव्हरला?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आता सांगेल, मला वाटलं. ओठ हललेही.

“हो,” ती म्हणाली. “ड्रायव्हरना.”

“तिकडेच बरा आहे तो. पोरं गावातली वाईट, वाटेवरून शिरून शेंगा काढून नेतील.”

धुराची दिशा बदलली आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं होतं, असं दोघींनी एकमेकींना समजू दिलं.

ओव्याचा वास सुटला तेव्हा पूर्वाने ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं नि थेंब उडाले. “झालं!” ती ओरडली. बापासारखंच ओरडायची. गोणपाटाने धरून मी आणि रंजनाने मडकं उचललं आणि केळीच्या पानावर पालथं केलं. वाफेचा लोट, काळवंडलेला पाला, शेंगा, बटाटे, आणि त्यांच्यातून घरंगळलेली अंडी.

ड्रायव्हरला एका पानावर शेंगा, बटाटा, कोंबडीचा मोठा तुकडा घालून मी जयूकरवी पाठवलं. माझ्या शेतावरून कुणी उपाशी जात नाही, खोटारडासुद्धा. मग आम्ही अंडी वेगळी करायला लागलो.

कोयता. भोवरा, तो जयू परत येईतो पूर्वाने धरून ठेवला. फूल. चंद्रकोर. मासा, तो मी माझ्या बाजूला ठेवला. आणि पाल्याखालून आणखी एक निघालं. पांढरं. बिनखुणेचं.

मी ते उचललं. गरम होतं, बोटं भाजली, पण सोडलं नाही.

“हे कुनाचं?”

रंजना शेंगा सोलत होती. “जास्तीचं पडलं असेल तुमच्या टोपलीतून. खूण पुसली असेल वाफेत.”

“पुसल्या खुनेची काळी सावली राहते. आनि माजी कोंबडी पांढरं घालत नाय. हे बाजारातलं आहे. पनवेलचं.”

तिने सोललेले दाणे सालपटांत टाकले.

जयू परत आला होता. त्याने माझ्या हातातलं अंडं बघितलं आणि त्याचं तोंड फुललं. “ते काकांचं!” तो म्हणाला. “आई, तू म्हणालीस ना, काकांचं पण घालू या, पण आजीला नाही...”

“गप!” रंजनाने त्याच्या तोंडावर चापट मारली. जोरात नव्हती. पण पोराला कळलं नाही ती कशासाठी. खरं बोललं म्हणून मार बसतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग भोकाड पसरून धावत सुटला. माझ्याकडे नाही. आईकडे नाही. गाडीवाटेकडे.

तो माणूस हातातलं पान खाली टाकून धावत पुढे आला होता. त्याने जयूला उचललं. जयूने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. पोरं अशी कुणाच्याही मानेत तोंड खुपसत नाहीत. तिथं आधीची जागा झालेली असावी लागते.

आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. रंजना दोन्ही हात मांडीवर टाकून बसली. हाताला काजळी लागलेली.

“का गो?” मी विचारलं.

“तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलं असतं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मग माझंही पाऊल परत पडलं नसतं इथे. पोरांचा हा दिवस गेला असता. तुमचाही गेला असता. मला वाटलं, एकदा आपल्या मडक्यातलं खाल्लं त्यांनी की मग होईल. तुम्हाला कळलं नाही तरी होईल.”

 दारातून परत पाठवलं असतं का? ती मला ओळखून होती, एवढंच म्हणते.

पण ते अंडं तिने पनवेलहून आणलं होतं. स्टीलच्या डब्यात, बहुधा कापडात गुंडाळून, गाडीच्या सगळ्या खड्ड्यांतून सांभाळत. सासऱ्याची रीत, जी मला वाटत होतं माझ्यामागे कुणाला आठवणार नाही, तिच्यावर या पोरीचा एवढा भरवसा, की चोरून का होईना, मडक्यात घातल्याशिवाय माणूस तिला घरचा वाटेना.

“अहो,” मी गाडीवाटेकडे हाक मारली. “संगमनेरवाले. इकडे या.”

तो आला. जयू कडेवर, हुंदके देत. पूर्वाने सरकून पानाशी जागा केली. मी तिला सांगितलं नव्हतं.

“नाव काय तुमचं?”

‘तुमचं’ ऐकून रंजनाने मान वर केली.

“दिगंबर शेवाळे. रंजनाच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. आई, मी सकाळीच सांगणार होतो...”

“तुमी बोलू नका. तुमी दिवसभर खोटं बोलला नाय, नुसते गप्प बसलात. त्याचं नंतर बघू. आधी बसा.”

तो बसला. मी ते पांढरं अंडं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने हात पुढे केला नाही. त्याची नजर माझ्या बाजूला ठेवलेल्या माशाच्या अंड्यावर गेली आणि तिथून लगेच निघाली. कळलं असावं त्याला, ते कुणाचं. रंजनाने सांगितलं असेल.

“ते त्याचंच आहे,” मी म्हटलं. “त्याला कुनी हात लावायचा नाय.”

“नाही लावणार,” तो म्हणाला.

आम्ही खाल्लं. मोठ्यांचे हात हळू चालत होते. जयू मात्र दोन्ही हातांनी खात होता. पोरांचं रडणं खाण्याच्या आड येत नाही. ऊन कलल्यावर मी हरेशचं अंडं सोललं आणि बांधावर ठेवलं. पूर्वा माझ्याबरोबर आली. परत निघालो तेव्हा तो माणूस आमच्याकडे पाठ करून राख विझवत होता. मुद्दाम पाठ केली होती त्याने. तेवढी अक्कल होती.

घरी आल्यावर पोरांचे पाय धुतले, उरलेल्या शेंगा पिशवीत भरल्या. रंजना ओटीवर पुन्हा पुन्हा पदर खोचत होती. तिला मी काहीतरी म्हणायला हवं होतं. शिवी दिली असती तरी तिला चाललं असतं. मी नाही दिली. शेंगांची पिशवी दिगंबरांच्या हातात दिली, तिच्या नाही.

गाडी सुरू झाली. ती पुढच्या सीटवर बसली, सकाळी मागे बसली होती. मागच्या काचेतून पोरांचे दोन हात. मी अंगणात उभी. आता गाडी वळणार, आंब्याआड जाणार, आणि माझ्यापुढे भिंत उरणार. संगमनेर किती लांब ते मला माहीत नव्हतं. घाट चढतो तो परत उतरायचं विसरतो, एवढं ऐकून होते.

मी पुढे झाले आणि काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. रंजनाने काच खाली केली. डोळे सुजलेले. मी वाकले. मागच्या सीटवर पोरांना ऐकू जावं, दिगंबरांना ऐकू जावं आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नागूबायलाही ऐकू जावं, अशा आवाजात बोलले.

“अंडं चोरून घातलंस, त्याचा मला राग नाय, रंजना. बिनखुनेचं घातलंस, त्याचा आहे. माज्या घरात मानूस आनायचा तर त्याला त्याच्या नावाने आनायचा, ड्रायव्हर म्हनून नाय. पुढच्या पौषात घाट उतरून सगळी जनं यायचं. सुट्टी जुळो न जुळो. कोळसा मी ओला करून ठेवते. खून मात्र तू काढ.”